जर्मनीतला एनर्जीआउसवाइस : पैसे कुणी भरायचे, आणि किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरात स्टुटगार्टला येताय, एक फ्लॅट जवळजवळ ठरलाय, आणि घरमालकाच्या एजंटाने मेलमध्ये डिपॉझिट वगैरेच्या खाली एक ओळ टाकली आहे, 'एनर्जीआउसवाइसचा खर्च 95 युरो'. हे तुम्ही भरायचे का? आणि तीन-चार वर्षांनी जुनं घर घ्यायचं मनात आहे, तर तेव्हा या सर्टिफिकेटला किती पडतात?

पहिल्याचं उत्तर : भरू नका, एक सेंटही नाही. इमारतीचं ऊर्जा प्रमाणपत्र म्हणजे एनर्जीआउसवाइस काढणं हे मालकाचं काम आणि खर्चही त्याचाच. भाडेकरूकडून तो वेगळा मागता येत नाही आणि वर्षाअखेरच्या नेबेनकोस्टेनच्या, म्हणजे भाड्यावरच्या इतर खर्चांच्या, हिशेबातही घुसवता येत नाही. घर भाड्याने द्यायचं असेल तर मालकाला तो स्वतःच्या टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येतो, म्हणजे त्याची सोय सरकारने आधीच केलेली आहे. एजंटाच्या फीचंही तसंच. 1 जून 2015 पासून भाड्याच्या घरात ज्याने एजंट नेमला त्याने पैसे द्यायचे असा नियम आहे, त्यामुळे मालकाने नेमलेल्या एजंटाने तुमच्याकडे 'बघायला यायची फी' मागितली तरी ती देऊ नका. परदेशातून घर शोधणाऱ्याला इथले नियम माहीत नसतात हे या लोकांना बरोबर कळतं. 95 युरोसाठी कोण भांडत बसणार, यावरच त्यांचं चालतं.

पैसे तुम्ही द्यायचे नसले तरी तो कागद मागायचा मात्र नक्की. घर दाखवताना तो समोर ठेवणं मालकावर किंवा एजंटावर बंधनकारक आहे आणि करार झाल्यावर त्याची प्रत तुमच्या हातात यायला हवी. कसूर केली तर 10,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. 'फ्लॅट छोटा आहे, 42 चौरस मीटरचा, म्हणून लागत नाही' हे कारण मी दोनदा ऐकलंय. 50 चौरस मीटरच्या आतली जी सूट आहे ती इमारतीला आहे, फ्लॅटला नाही. वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूंना मात्र खरोखरच सूट आहे. आणि सर्टिफिकेट निघतं ते अख्ख्या इमारतीचं. तुमच्या फ्लॅटपुरतं वेगळं असं काही नसतं, त्यामुळे वीस फ्लॅटच्या इमारतीत '95 युरो तुमचा वाटा' हे तर गणितातही बसत नाही.

आता किमतीकडे येते, कारण या कागदाला मालकाने किती मोजले यावरून त्यावर किती विसंबायचं ते कळतं. दर सरकारने ठरवून दिलेले नाहीत, बाजार ठरवेल ते. पण प्रकार दोनच. एक फेरब्राउख्सआउसवाइस. यात सलग तीन वर्षांची हीटिंगची बिलं घेतात, त्या वर्षांच्या थंडीप्रमाणे आकडे थोडे खाली-वर करतात आणि भागाकार करून छापतात. माणूस घरी येईलच असं नाही, फोटो पाठवले तरी चालतं. साधारण 50 ते 100 युरोत काम होतं. दुसरा बेडार्फ्सआउसवाइस. यात राहणाऱ्यांची बिलं बघत नाहीत. भिंत किती जाड, खिडक्या कुठल्या, छताला इन्सुलेशन आहे का, बॉयलर किती जुना, यावरून इमारतीला किती ऊर्जा लागेल ते काढतात. तज्ज्ञ घरी येऊन मोजमाप घेणार असेल तर एका-दोन कुटुंबांच्या घराला 300 ते 500 युरो धरून चला. नकाशे सापडत नसतील किंवा घराला मागून खोल्या जोडलेल्या असतील तर अजून वर. हाच कागद इंटरनेटवर फॉर्म भरून शंभराच्या आसपासही मिळतो. त्याबद्दल खाली सांगतेच.

पहिला स्वस्त असला तरी सगळ्यांना चालत नाही. बांधकामाचा अर्ज 1 नोव्हेंबर 1977 च्या आधीचा असेल, इमारतीत पाचापेक्षा कमी घरं असतील आणि ती 1977 च्या इन्सुलेशन नियमाच्या पातळीपर्यंत सुधारलेली नसेल, तर दुसराच प्रकार लागतो. नव्या बांधकामालाही दुसराच. पाच किंवा जास्त घरांच्या जुन्या इमारतीत मालकाला निवड असते आणि तो साहजिकच स्वस्तातला निवडतो. मुदत दोन्हींची दहा वर्षं. स्वतःच्या घरात स्वतःच राहणाऱ्याला हा कागद लागतच नाही. विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की लागतो.

आमचीच गोष्ट सांगते. आमचं घर 1963 सालचं, खाली आम्ही, वर एक छोटं बिऱ्हाड. 2016 ला घेतलं तेव्हा आधीच्या मालकीणबाईंनी 2014 चा एनर्जीआउसवाइस दिला होता. बेडार्फ्स प्रकारचाच, आकडा 168, वर्ग एफ (आकडा जितका मोठा तितकी घराला ऊर्जा जास्त लागते, नीट खाली सांगते). जुन्या घराच्या मानाने ठीक, असं म्हणून आम्ही फाइलला लावला. त्याच फाइलमध्ये त्याचं बिल होतं, 89 युरो. तेव्हा त्याकडे लक्ष गेलं नाही. 2024 मध्ये वरचा मजला पुन्हा भाड्याने द्यायचा होता आणि सर्टिफिकेटची मुदत संपत आलेली, म्हणून या वेळी घरी येणारा तज्ज्ञ बोलावला. अडीच तास होता. आधी बॉयलरवरची पट्टी वाचली आणि धुराडं तपासणाऱ्याचा शेवटचा रिपोर्ट मागितला. मग खिडक्यांपाशी गेला. इथल्या दुहेरी काचांच्या मध्ये कडेला एक बारीक धातूची पट्टी असते, तिच्यावर टॉर्च मारून त्याने त्यावर छापलेलं साल वाचलं. आठ वर्षं त्या काचा पुसत होते, कधी दिसलं नव्हतं. रेडिएटरच्या मागे हात घालून म्हणाला, इथे भिंत आत घेतलीय, बाकीच्या भिंतीच्या निम्मीच आहे. शेवटी माळ्यावर चढला आणि काचलोकराच्या थरात फूटपट्टी खुपसली. चार सेंटिमीटर, तेही तुडवून चपटं झालेलं. 2014 च्या फॉर्ममध्ये 'वरच्या छताला इन्सुलेशन आहे का?' याला 'हो'वर खूण होती. खोटं म्हणता येणार नाही, होतंच ना चार सेंटिमीटर. नवा आकडा आला 231, वर्ग जी. बिल व्हॅटसकट 480 युरो.

माझा नवरा तेव्हा म्हणाला होता की चारशे रुपये जास्त देऊन आपण आपल्याच घराची किंमत उतरवून घेतली. (युरोला रुपये म्हणायची सवय अजून गेलेली नाही.) पण खरेदीच्या आधी हाच आकडा हातात असता तर भावात आम्ही नक्की घासाघीस केली असती. म्हणून तुम्ही घर बघायला जाल तेव्हा सर्टिफिकेटचा वर्ग बघण्याआधी ते कसं बनलं ते विचारा. माणूस घरी आला होता की फॉर्म भरला होता? कायदेशीर बाजूही लक्षात ठेवा : हा कागद फक्त माहितीसाठी आहे असं कायद्यातच लिहिलंय. त्यावरचा आकडा आणि तुमचं बिल जुळलं नाही एवढ्यावर कुणाला जबाबदार धरता येत नाही.

बिलांवरून काढलेल्या प्रकाराची गंमत वेगळी. वर्षानुवर्षं दोनच खोल्या तापवून राहणारे आजी-आजोबा असतील तर घर कागदावर एकदम गुणी दिसतं. मोठ्या इमारतीत माणसं जास्त, त्यामुळे सवयींची सरासरी निघून जाते आणि आकडा बऱ्यापैकी खरा असतो. तुमचा स्टुटगार्टचा फ्लॅट तसा असेल तर त्या स्वस्त कागदावर मी विश्वास ठेवेन.

आता वाचायचा कसा ते. जाहिरातीत कोपऱ्यात 'व्ही, 145, गॅस, 1972, ई' असं काहीतरी असतं. व्ही म्हणजे बिलांवरून काढलेला, बी असेल तर हिशेबाने काढलेला. 145 म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे इतके किलोवॅट-तास, आपण ज्याला युनिट म्हणतो तेच. वर्ग ए प्लसपासून एचपर्यंत : 30 च्या आत ए प्लस, 100 च्या आत सी, 200 च्या आत एफ, 250 च्या वर एच. मे 2014 च्या आधीच्या सर्टिफिकेटांवर वर्ग नव्हता, नुसता आकडा होता. हिशेबाने काढलेल्या कागदावरच्या रंगीत पट्टीवर दोन बाण असतात. वरचा एंडएनर्जी, म्हणजे घरात प्रत्यक्ष येणारी ऊर्जा. खालचा प्रिमेअरएनर्जी, त्यात ती ऊर्जा कुठून येते यावर गुणाकार केलेला असतो. लाकडाचा गुणक 0.2 आहे. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळून तापवलेल्या, उष्णता गळणाऱ्या घराचाही खालचा बाण हिरव्यात पोचतो आणि एजंट नेमकं त्यावर बोट ठेवतो. तुमचं बिल वरच्या बाणावर ठरणार.

अजून एक खोच आहे, आणि ती इथे जन्मलेल्यांनाही माहीत नसते. सर्टिफिकेटमधला चौरस मीटर हा तुमच्या राहण्याच्या जागेचा नसतो. इमारतीचं एक वेगळं, मोठं क्षेत्रफळ धरतात. बिलांवरच्या प्रकारात सरळ राहण्याच्या क्षेत्राला 1.2 ने गुणतात, तळघर तापवलेलं असलेल्या एका-दोन कुटुंबांच्या घरात 1.35 ने. भागायला मोठा आकडा घेतला की उत्तर लहान येणारच. म्हणजे तुम्ही 80 चौरस मीटरचा फ्लॅट घेतला आणि कागदावर 180 असेल, तर 180 गुणिले 1.2 गुणिले 80, म्हणजे 17,280 युनिट. गॅस 11 सेंटने धरला तर वर्षाला 1,900 युरो, महिन्याला जवळपास 160. त्याच मापाचा फ्लॅट 70 आकड्याच्या इमारतीत असेल तर 6,720 युनिट, महिन्याला 62 च्या आसपास. कागदावर काल्टमीटे, म्हणजे हीटिंगशिवायचं भाडं, पहिल्याचं 60 युरोने कमी असेल आणि तुम्ही खूश होऊन सही कराल. हे गणित फोनवर एका मिनिटात होतं, सहीच्या आधी कराच.

गॅस किंवा तेलावरच्या घरात आणखी एक खर्च असतो तो कार्बनचा, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा सरकारी आकार. 2025 मध्ये टनामागे 55 युरो. 2023 पासून हा बोजा मालक आणि भाडेकरूत वाटला जातो. इमारतीतून वर्षाला चौरस मीटरमागे 12 किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघत असेल तर सगळा भाडेकरूचा, 52 किलो किंवा जास्त असेल तर 95 टक्के मालकाचा, मध्ये पायऱ्या. हीटिंग इमारतीचं एकत्र असेल तर मालकच हिशेबात वजा करून देतो. पण फ्लॅटमध्ये तुमचा स्वतःचा छोटा गॅस बॉयलर आणि स्वतःचं गॅस कनेक्शन असेल, तर मालकाचा वाटा तुम्हालाच मागावा लागतो, तोही बिल आल्यापासून बारा महिन्यांत. बहुतेक जण विसरतात.

घर घ्याल तेव्हाचं सांगते. विकत घेताना सर्टिफिकेटचा खर्च विकणाऱ्याचा. तो 'घ्या ना तुम्हीच काढून' म्हणाला तर मान हलवू नका, पण त्याचं सर्टिफिकेट फॉर्मवरचं निघालं आणि घर मनात भरलं असेल, तर स्वतःच्या पैशाने सल्लागार नेणं मला शहाणपणाचं वाटतं. त्या वेळी नुसतं सर्टिफिकेट मागू नका, त्याला सरकारी मदत मिळत नाही. झानीरुंग्सफारप्लान मागा, म्हणजे घर टप्प्याटप्प्याने कसं सुधारायचं याचा आराखडा. त्याच्या फीला बाफा हे सरकारी कार्यालय निम्मी मदत देतं, एका-दोन कुटुंबांच्या घराला जास्तीत जास्त 650 युरो. अर्ज मंजूर व्हायच्या आधी काम सुरू करू नका. मोजमाप एकदा झालं की त्याच आकड्यांवरून तोच सल्लागार सर्टिफिकेटही काढून देतो आणि त्याचे वेगळे फार लावत नाही. विचारलं तरच सांगतात, एवढं मात्र आहे. आणि तुमचं घर मोठ्या सोसायटीतला फ्लॅट असेल तर यातलं काहीच करू नका. तिथे कागद हाउसफरवाल्टुंगकडे, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्यांकडे, असतो आणि खर्च सगळ्या मालकांत मिळून निघतो.

सध्या त्या एजंटाला दोन ओळींचं उत्तर पाठवा. पहिल्या ओळीत 95 युरोचा आधार कुठल्या कायद्यात आहे ते विचारा, दुसऱ्या ओळीत एनर्जीआउसवाइसची पूर्ण प्रत मागा, नुसतं पहिलं पान नको. फ्लॅट हातचा जाईल अशी भीती वाटत असेल तर क्रम उलटा करा, आधी प्रत मागा आणि पैशाचं करार हातात आल्यावर काढा. प्रत आली की आकडा मला कळवा, तुमच्या फ्लॅटचा 1.2 चा गुणाकार मीच करून देते.