‘हलके’ आणि ‘लघु’ यांचे एकच कूळ

प्रश्न : स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांना ‘हलके साहित्य’ म्हणावे की ‘हलकेफुलके’, आणि त्यात ‘फुलके’मुळे नेमका काय फरक पडतो, असे चोपड्याच्या एका वाचक ताईंनी विचारले आहे.

उत्तर : हलक्या कानाचा, हलक्या हाताने, हलक्या प्रतीचा हे अर्थ कोणत्याही कोशात सापडतील, म्हणून ते येथे उगाळत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या व्याख्यानांतून ‘बायकांचे हलके वाङ्मय’ हा प्रयोग वारंवार कानी येतो, आणि तो करणारे वक्ते त्याच भाषणात लघुकथा, लघुनिबंध, लघुकादंबरी यांविषयी मात्र मोठ्या आदराने बोलतात, याचा मला वैताग आला आहे. ज्याला ते मान देतात आणि ज्याचा ते उपहास करतात, ती दोन्ही एकाच शब्दाची रूपे आहेत.

संस्कृत ‘लघुक’ यातील घ चा प्राकृतात ह झाला, आणि मग ल व ह यांनी आपापल्या जागा बदलल्यामुळे ‘लहुअ’ याच्या शेजारी ‘हलुअ’ हे रूप उभे राहिले. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी ‘लघुके लहोः’ असे स्वतंत्र सूत्र दिले आहे. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, त्याच्या अगदी थोडे आधी ‘महाराष्ट्रे हरोः’ हे सूत्र येते, ज्यात ह आणि र यांची अशीच अदलाबदल होऊन ‘मरहट्ठ’ हे रूप सिद्ध होते. म्हणजे ज्या वर्णविपर्ययाने ‘लघु’चे ‘हलके’ झाले, त्याच वर्णविपर्ययाने आपल्याला ‘मराठी’ हे नाव मिळाले. पहिल्याला भ्रष्ट रूप म्हणणाऱ्याने दुसऱ्याविषयीही तेच म्हणण्याची तयारी ठेवावी.

यावर काही पंडित असा आक्षेप घेतात की, मराठीत अशा ठिकाणी, म्हणजे दोन स्वरांच्या मधल्या ल च्या जागी, ळ यायला हवा होता, तेव्हा ‘हलका’ हा हिंदीतून आलेला पाहुणा आहे आणि त्याचा येथल्या शब्दांशी संबंध जोडू नये. पाहुणा असेल तर असो. हिंदीतले ‘हल्का’ही त्याच ‘लघुक’चे अपत्य आहे, आणि दुसऱ्या दारातून आल्याने कोणाचे कूळ बदलत नाही. शिवाय ळ असलेले घरचे रूप आपल्याकडे आहेच, ते म्हणजे ‘हळू’. आणि खानदेशात ळ चा य होत असल्यामुळे अहिराणी बोलणारी आजी त्याचेच ‘हयूहयू’ करते. या पंडितांनी कोश चाळण्याऐवजी ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय उघडला असता तर बरे झाले असते. तेथे ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात, ‘तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अतिहळुवारपण चित्ता । आणूनियां’. कथा अनुभवण्याची पहिली अट म्हणून त्यांनी जे मागितले, ते हळुवारपण या ‘हळू’च्याच घरातले आहे.

आता माझे एक मत, जे पुष्कळांना पटणार नाही. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि नायिका, मोजके अपवाद वगळता, प्राकृत बोलते. शकुंतलेच्या तोंडी दुष्यंताची भाषा येत नाही. मला असे वाटते की, मराठी समीक्षेने ही रंगभूमीवरची वाटणी नकळत जशीच्या तशी उचलली, आणि पुरुषाने लिहिलेल्या छोट्या गोष्टीला संस्कृत ‘लघु’ तर स्त्रीने लिहिलेल्या सुटसुटीत गोष्टीला प्राकृत ‘हलके’ असे विशेषण वाट्यास आले. एरवी सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहात तरी दुसरे काय आहे? प्रवासाला गेलेला नवरा, सासू, दीर, चौकस शेजारीण, आणि मनातले अर्धवट बोलून थांबणारी सून; आणि त्यांतील पुष्कळ गाथा स्त्रीच्याच मुखी घातलेल्या आहेत. त्या सप्तशतीला अभिजात म्हणून गौरवायचे, आणि हाच ऐवज मासिकातल्या क्रमशः कादंबरीत आला की नाक मुरडायचे, हा न्याय मला कळत नाही.

या कादंबऱ्यांतील बऱ्याच सुमार आहेत, हे मान्य. योगायोग फार, अश्रू त्याहून अधिक, आणि शेवटच्या प्रकरणात नायकाला होणारा पश्चात्ताप तर ठरलेलाच. परंतु सुमार रहस्यकथांचे ढीग पाहून ‘पुरुषांचे हलके वाङ्मय’ असा वर्ग कोणी केला नाही. रिकामटेकड्या बायकांचा हा उद्योग, असे जे सुचवले जाते, तेही खोटे आहे. अशा कादंबऱ्या लिहिणाऱ्या कुसुम अभ्यंकर या डॉक्टर होत्या आणि रत्नागिरीच्या आमदारही. सुमती क्षेत्रमाडे याही डॉक्टरच. वेगळे बिऱ्हाड मांडावे की नाही, पगार कोणाच्या हाती द्यावा, माहेरी किती दिवस राहावे, हे प्रश्न घराघरांत ज्या शब्दांत बोलले जात होते, ते शब्द गंभीर कादंबरीपेक्षा येथे अधिक भरवशाने टिपलेले आहेत. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातील ज्या सुनेने पुण्या-मुंबईचे घर कधी पाहिले नव्हते, तिला नोकरीवर जाणारी सून आणि तिच्या घरातील कुरबूर प्रथम भेटली ती वाचनालयातून आणलेल्या अशाच पुस्तकात, आणि मोलकरणीपासून सासूपर्यंत कोण कोणाला कसे उत्तर देते याचे ते चालतेबोलते व्याकरण होते. उद्या विसाव्या शतकातील मराठी स्त्रियांच्या बोलीचा कोश कोणाला करावासा वाटला, तर त्याला दाखल्यांसाठी याच पुस्तकांकडे यावे लागेल.

‘फुलके’चे राहिलेच. ते ‘फुलणे’ यापासून आले, तव्यावर टम्म फुगणारा फुलका तोच. ‘हलके’ या शब्दाला हिणकस असा एक अर्थ चिकटलेला आहे. ‘हलकेफुलके’ म्हटल्यावर तो गळतो आणि केवळ वजन कमी असल्याचा अर्थ उरतो. तेव्हा ताई, आपण ‘हलकेफुलके’ लिहावे आणि मध्ये जागा न सोडता एकच शब्द म्हणून लिहावे. ‘स्त्रियांचे’ हे विशेषण त्यामागे लावायचे असेल, तर लेखिका सांगण्यासाठी लावावे, दर्जा सांगण्यासाठी लावू नये.