वॉम्बॅटच्या बिळाला हात लावण्याआधी

प्रश्न : व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेला, गिप्सलँडमध्ये आम्ही थोडी जमीन घेतली आहे. वॉम्बॅट (ऑस्ट्रेलियातला बिळात राहणारा, पोटपिशवीचा प्राणी) कुंपणाखालून आत येतो आणि शेततळ्याच्या भरावात बीळ करतो. शेजारी म्हणतात, "इकडे त्याला संरक्षण नाही, बुजवून टाका." खरं आहे का? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : शेजाऱ्यांची माहिती जुनी झाली. पूर्व व्हिक्टोरियाच्या बऱ्याच भागात वॉम्बॅटला खरोखरच संरक्षण नव्हतं. ती सवलत २०२०च्या फेब्रुवारीत रद्द झाली. आता १९७५च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण राज्यभर लागू आहे. मारणं, पकडणं, हुसकावणं किंवा नियंत्रणासाठी बीळ मोडणं, यातलं काहीही करायचं तर आधी 'ऑथॉरिटी टू कंट्रोल वाइल्डलाइफ' हा परवाना काढावा लागतो. अर्जात नुकसान काय झालं आणि दुसरे कोणते उपाय करून पाहिले, हे दाखवायची तयारी ठेवा.

त्या दुसऱ्या उपायांत सगळ्यात स्वस्त म्हणजे कुंपणात बसवायचं वॉम्बॅटचं झुलतं दार. तो रोज जिथून घुसतो, नेमक्या तिथेच बसवा. चार हात बाजूला बसवलंत तर तो जुन्याच जागी पुन्हा उकरेल. दार वरच्या बाजूने टांगलेलं, दोन्हीकडे झुलणारं आणि ससा-कोल्ह्याला ढकलता येणार नाही इतकं जड हवं. सुरुवातीचे काही दिवस ते उघडं बांधून ठेवा, वाट सरावाची झाली की सोडा.

भरावातलं बीळ मात्र धोक्याचंच, तिथे परवाना मागणं रास्त आहे. परवाना मिळाला तरी बीळ रिकामं असल्याची खात्री करा. तोंडाशी काटक्या उभ्या रोवा आणि सलग काही दिवस पाहा. पडल्या तर ये-जा चालू आहे. उभ्या राहिल्या म्हणूनही लगेच फावडं घेऊ नका, पिल्लू आत एकटं असू शकतं. शिवाय एक वॉम्बॅट अनेक बिळं वापरतो. एक बुजवलंत की शेजारी दुसरं होतं, म्हणून भराव पुन्हा उकरला जाणार नाही याची सोय त्याच वेळी करा.

अंगावरचे केस गेलेला, खपल्या धरलेला, भर दुपारी चरणारा वॉम्बॅट दिसला तर ती खरूज आहे. बिळाच्या तोंडावर झडप टांगून तिच्यातून पाठीवर मॉक्सिडेक्टिन हे खरजेवरचं औषध ओतण्याची पद्धत आहे. ती फसते ती दोन कारणांनी : एकाच बिळात वेगवेगळे प्राणी शिरतात, त्यामुळे औषध दुसऱ्याच्याच पाठीवर पडतं, आणि दोन-तीन मात्रांनंतर लोक थांबतात. हे काम प्रशिक्षित वन्यजीव स्वयंसेवकांना विचारूनच करा.

प्रश्न : वॉम्बॅट नामशेष होत आहे की मुबलक आहे? दोन्ही वाचायला मिळतं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही बरोबर, कारण जाती तीन आहेत. वर गिप्सलँडमध्ये आहे तो साधा, बिनकेसाळ नाकाचा वॉम्बॅट. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची फारशी चिंता नाही. मात्र फ्लिंडर्स बेटावरची त्याची उपजात ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात 'असुरक्षित' आहे. दक्षिणी केसाळ नाकाचा 'संकटाच्या जवळ'.

खरी काळजी उत्तरी केसाळ नाकाच्या वॉम्बॅटची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्वीन्सलँडच्या एपिंग फॉरेस्टमध्ये ते जेमतेम ३५ उरले होते. गुरं गवत संपवत होती; त्यांना कुंपणाबाहेर काढल्यावर आकडा सावरू लागला. मग २०००-०१मध्ये डिंगोंनी (तिथल्या रानकुत्र्यांनी) दहाएक वॉम्बॅट मारले, तेव्हा सुमारे २० किलोमीटरचं शिकारी प्राणी रोखणारं कुंपण उभं राहिलं. आज संख्या तीनशेच्या पुढे आहे. पण एक वणवा किंवा एक साथ सगळं संपवू शकते, म्हणून २००९मध्ये सेंट जॉर्जजवळ दुसरी वसाहत केली आणि २०२४मध्ये क्वीन्सलँडमध्येच पोवरुना इथे तिसरी. तरीही दर्जा 'अतिसंकटग्रस्त'च.

प्रश्न : भारतात पाळायला आणता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सस्तन प्राणी व्यापारासाठी निर्यातच करू देत नाही. उत्तरी जात तर साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे.