पहिली कुमार कादंबरी लिहिताय? आधी एवढंच बघा

युगांडा, १९७२. विषय झकास निवडलात. ४ ऑगस्टला तिथला हुकूमशहा इदी अमीन याने देशातल्या आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत चालतं व्हायला सांगितलं. म्हणजे कथानकाला मुदत आयतीच मिळाली! सुरुवातीला तीन गोष्टी सांभाळा.

१. सुख आधी दाखवा, पण नायिकेला ते सुख वाटता कामा नये. कंपालातलं दुकान, घरची मोटार, स्वयंपाकघरात राबणारी आफ्रिकन बाई हे सगळं तिच्या रोजच्यातलं. ही बाई संध्याकाळी कुठे जाते, हे तिने कधी विचारलेलंच नाही. नवे लेखक नेमके इथे घसरतात आणि कुटुंबाला नुसतं बिचारं करून टाकतात. इंग्रजी अमलात आशियाई मधल्या पायरीवर होते. खालच्या पायरीवर कोण होतं, हे मुलांना बरोबर कळतं. भाषण नको.

२. नुकसान वस्तूंतून येऊ द्या. एंटेबी विमानतळाच्या वाटेवर सैनिकांची नाकी होती. आईच्या हातातल्या बांगड्या तिथे उतरवा.

३. कुटुंब इंग्लंडला पोचलं की तिथल्या थंडीवर पानं घालवू नका. सफोक परगण्यातल्या स्ट्रॅडिशॉलच्या निर्वासित छावणीत दुकानमालक बाप ताट घेऊन रांगेत उभा आहे, तिथे थांबा.

पासपोर्टांचे कायदे, लंडनचं राजकारण पुढच्या खर्ड्यात. गोव्याचं कुटुंब घेतलंत तरी चालेल, युगांडात गोवेकर बरेच होते. मनाला येईल ते घ्या, पण पहिलं प्रकरण या महिन्यात लिहून काढा. वाचायला मी आहे.