व्हॅलेन्सिया सायकलवरून: वाचकांचे प्रश्न

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया गाइडसोबत सायकलवरून पाहण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न.

वय ६२. सायकल सुटून पंचवीसेक वर्षं झाली. तीन तासांची सहल झेपेल का? (पुणे)

तीन तासांना घाबरू नका. अंतर साधारण १०-१२ किलोमीटर आणि वेग ताशी १० च्या आसपास, म्हणजे प्रत्यक्ष पॅडल मारणं तास-सव्वा तास. बाकीचा वेळ उभं राहून ऐकण्यात जातो, आणि पाय दुखतात ते बहुधा त्यानेच.

शहर सपाट आहे. चढ जाणवतो तो तुरिया बागेतून वर रस्त्यावर येताना. ही बाग म्हणजे नदीचं जुनं पात्र. १४ ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली आणि रिकाम्या पात्रात सुमारे ९ किलोमीटर लांबीची बाग उभी राहिली. पात्र रस्त्यांहून बरंच खाली आहे. वर येणाऱ्या रॅम्पवर सवय सुटलेली माणसं डगमगतात, कारण गिअर उशिरा बदलतात. मागच्या चाकाच्या हबमध्ये गिअर असतील तर ते उभ्या सायकलवरही बदलतात. बाहेर दातेरी चकत्या असतील तर पॅडल फिरत असतानाच. अशी सायकल मिळाली तर रॅम्प यायच्या आधीच हलका गिअर टाका. ऐन चढावर जोर लावून बदलायला गेलात तर चेन उतरते.

सराव करायचा तो लांब पल्ल्याचा नव्हे, हळू चालवण्याचा. चालत्या माणसाच्या वेगाने सरळ रेषेत जाणं आणि एक हात सोडून वळण्याची खूण करणं, एवढं सोसायटीच्या आवारात महिनाभर करा. सीटची उंची अशी ठेवा की पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. घडोघडी थांबायचं असतं, चवडे जमिनीला लागलेले बरे.

तिथे वाहतूक उजवीकडून. नेमकं काय चुकतं? (ठाणे)

बाजूची सवय दहा मिनिटांत होते, घात करतो तो ब्रेक. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तिथे बहुतेक सायकलींना तो डाव्या हाताला. मागचा समजून डावा करकचून दाबला की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवर जातो. काही सायकलींना पॅडल उलटं फिरवल्यावर लागणारा ब्रेकही असतो. निघताना पॅडल मागे फिरवून वर आणायची आपली सवय तिथे अडते. म्हणून सायकल हातात आली की बसण्याआधी ढकलत न्या आणि एकेक ब्रेक दाबून कोणतं चाक थांबतं ते पाहा. गाइडने सांगायची वाट पाहू नका.

सायकल मार्ग बरेच ठिकाणी दुहेरी आहेत, समोरून सायकली येतात. आपली उजवी कड सोडू नका, दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत जाऊ नका आणि फोटोसाठी थांबायचं तर मार्गाच्या बाहेर पडा. सिग्नलने गट तुटला तर लाल दिवा तोडून पुढच्यांना गाठायची घाई नको. गाइड पलीकडे थांबतो. समुद्राकडच्या भागात ट्रामचे रूळ आहेत. ते शक्य तितके काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक खाचेत अडकतं. फूटपाथवर सायकल चालवणं, चालवताना हातात मोबाइल किंवा कानात इअरफोन, हे सगळं दंडपात्र आहे. आणि मद्याची तपासणी सायकलवाल्याचीही होऊ शकते, त्यामुळे बिअर नंतर.

मुलं ९ आणि ४ वर्षांची. नेता येतील? (नागपूर)

येतील. स्पेनमध्ये १६ वर्षांखालच्यांना शहरातही हेल्मेट सक्तीचं आहे. चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या सायकलवर मान्यताप्राप्त लहान सीटवर बसवता येतं; कॅरिअरवर डबलसीट नाही. दोघांची उंची बुकिंग करतानाच कळवा, आयत्या वेळी लहान सायकल मिळेलच असं नाही.

जुन्या वास्तू आतून पाहायला मिळतात का? (कोल्हापूर)

बहुधा नाही, आणि जाहिरातीत ते ठळक लिहिलेलं नसतं. सायकल खरी उपयोगी पडते ती लांबच्या टप्प्यांना: चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या सेर्रानोस दरवाजापासून बागेतून, जुन्या पुलांखालून, वास्तुरचनाकार कालात्रावाच्या पांढऱ्या कला-विज्ञान नगरीपर्यंत सुमारे ४ किलोमीटर, आणि तिथून पुढे समुद्र. कॅथेड्रलभोवतीच्या अरुंद, गर्दीच्या गल्ल्यांत मात्र उतरून सायकल ढकलावी लागते. तो भाग दुसऱ्या दिवशी पायी पाहावा हे उत्तम. रेशीम बाजाराची इमारत, म्हणजे लोन्हा, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या पिळदार खांबांना निवांत अर्धा तास द्या. कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्याला २०७ पायऱ्या आहेत, त्या सायकलच्याच दिवशी चढू नका.

गुरुवार हाताशी असेल तर दुपारी १२ वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी उभे राहा. तुरियाच्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांची पाणी-पंचायत तिथे उघड्यावर भरते, निवाडा तोंडी आणि लगेच. तक्रारच नसेल तर पाच मिनिटांत आटोपतं, म्हणून उशीर नको. धुळ्याकडची पाणीवाटपाची फड पद्धत ठाऊक असणाऱ्यांना त्यात विशेष रस वाटेल.

कोणत्या महिन्यात जावं? शाकाहारी खाण्याचं काय? (नाशिक)

एप्रिल, मे आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची पहिली किंवा संध्याकाळची सहल घ्या. तेव्हा नऊ वाजताही उजेड असतो. १५ ते १९ मार्च फायास उत्सवात जुन्या भागातले रस्ते बंद असतात, तेव्हा सायकलचा बेत करू नका.

पाएया हा तिथला भाताचा पदार्थ; पारंपरिक व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांची पाएया मिळते, पण ती कशाच्या रश्शात शिजवली ते विचारा. ओर्चाता हे थंड पेय चुफाच्या गाठींपासून करतात (वनस्पती नागरमोथ्याच्या कुळातली). त्यात दूध नसतं. सोबत मिळणाऱ्या लांबट फार्तोन पावात मात्र सहसा अंडं असतं.