स्पेनमध्ये ईस्टरला कोणते पारंपरिक पदार्थ खातात? शाकाहारी माणसाला त्यांतले काय चालेल?

तुम्ही ईस्टरच्या आठवड्यात माद्रिदला असणार आहात, तर पहिले नाव तोर्रिखाचेच, म्हणजे दुधात मुरवून तळलेल्या पावाच्या गोड कापाचेच, घ्यावे लागेल, आणि ती शिळ्या पावाचीच खावी, असे माझे ठाम मत आहे.

लग्नानंतर मी माद्रिदला आले तेव्हापासून आमच्या घरी यावरून वाद आहे. सासूबाई पाव आधीच आणून मुद्दाम शिळा होऊ देतात. दालचिनी आणि लिंबाची साल घालून उकळलेले दूध कोमट झाले, की दोन बोटे जाडीच्या कापांवर ते चमच्याने थोडे थोडे सोडतात, काप उलटतात आणि पुन्हा सोडतात. काप आतपर्यंत मुरला पाहिजे, पण उचलताना तुटता कामा नये. मग तो फेटलेल्या अंड्यात बुडवून ऑलिव्ह तेलात तळायचा आणि गरम असतानाच दालचिनी मिसळलेल्या साखरेत घोळवायचा.

एका गुड फ्रायडेला नणंदेने ब्रिऑश, म्हणजे भरपूर लोणी घातलेला मऊ पाव, ताजाच आणला, कारण हल्ली उपाहारगृहांत त्याच्याच तोर्रिखा वाढतात. दूध लागताच ते काप बसले आणि झाऱ्यावर घेताना त्यांचे तुकडे झाले. तरीही जेवताना सर्वांसमोर मला ऐकवण्यात आले, की शिळ्या पावाचा आग्रह ही गरिबीच्या दिवसांतली सवय असून बाहेरून आलेल्या सुनेने ती जपण्याचे काही कारण नाही. ते बोलणे मला आजही लागते. घरातला उरलेला पाव वाया जाऊ नये आणि मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत पोटाला आधार मिळावा, यासाठीच तर हा पदार्थ घरोघरी टिकला. त्यातली काटकसर काढून टाकली, तर उरते ती केवळ एक महागडी मिठाई.

गुड फ्रायडेला काबुली चणे, पालक आणि बाकालाओ, म्हणजे खारवलेला कॉड मासा, यांचे दाटसर कालवण करतात. मासा आदल्या दिवसापासून पाणी बदलत भिजवून त्याचे मीठ उतरवलेले असते. तो कालवणातच शिजत असल्याने नुसता बाजूला काढून तुमचे काम भागणार नाही. सालामांका शहराचा ओर्नाथो, म्हणजे सारण भरून भाजलेला पाव, डुकराच्या मांसाने भरलेला असतो, त्यामुळे तो सोडाच. कातालोनिया आणि वालेन्सियाकडे ईस्टरच्या सुमारास धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेला पालक, आपल्या धर्मपुत्राला ‘मोना’ देतो. मुळात हा उकडलेली अंडी बसवलेला गोड पाव, पण बार्सिलोनात आता त्याची जागा बहुतांशी चॉकलेटच्या आकृत्यांनी घेतली आहे.

अंडे वर्ज्य असेल तर मात्र तोर्रिखाही तुम्हाला चालणार नाही, हे आधीच सांगायला हवे होते. काही ठिकाणी दुधाऐवजी वाइन वापरतात, तेव्हा तेही विचारून घ्यावे. ब्रिऑशची तोर्रिखा चवीला वाईट असते असे मी म्हणणार नाही. परंतु परंपरेच्या शोधात निघालेल्या माणसाने ईस्टरआधीच्या उपवासकाळात खास तोर्रिखांसाठी पाव विकणारी एखादी जुनी बेकरी गाठावी आणि तिथलीच तोर्रिखा आधी खावी.