वसतिगृहांनी जात घट्ट केली का?

प्रश्न : राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात समाजनिहाय वसतिगृहे निघाली. त्यांमुळे जातीची ओळख अधिकच पक्की झाली नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काही अंशी झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र खेड्यातून शिकायला आलेल्या बहुजन मुलाला त्या काळी शहरात राहायला जागा आणि जेवायला पंगत मिळणेच कठीण होते. १९०१ मधील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी उघडलेल्या वसतिगृहांनी नेमकी तीच अडचण दूर केली.

वसतिगृह एकटे असते, तर आपली शंका खरी ठरली असती, असे मला वाटते. परंतु १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे वडिलोपार्जित धंद्यापलीकडची ओळख, म्हणजे कारकून, शिक्षक किंवा वकील होण्याची, त्या मुलांना प्रथमच आवाक्यातली वाटू लागली. समाजाचे नाव वसतिगृहाच्या पाटीवर राहिले, पण आत राहणाऱ्या मुलाचे भवितव्य त्या नावाने ठरेनासे झाले.