रिसीव्हर कॅनडाला न्यायचा की निपाणीतच ठेवायचा?

तू विचारलंस, "ताई, पुढच्या महिन्यात टोरांटोला निघतोय. घरचा होम थिएटर रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज मोठा करून सगळ्या स्पीकरना देणारा डबा, सोबत आणू का? मध्येच 'टिक' करून बंद पडतो, नव्या टीव्हीचा आवाजही त्यातून येत नाही. दुरुस्त करून आणावा की इथेच टाकावा?"

आणू नकोस आणि टाकूही नकोस. दुरुस्त कर आणि आई-बाबांसाठी ठेव. मी बेळगावच्या शहापूरची, आता टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला असते. इथे येणारी आपल्याकडची बरीच मुलं हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी न आणण्याचं कारण. रिसीव्हरच्या मागे, जिथून वायर बाहेर येते तिथे बारीक अक्षरांत व्होल्टेज छापलेलं असतं. मोबाईलच्या चार्जरवर 100-240 असं लिहिलेलं असतं, म्हणून तो कुठेही चालतो. भारतात विकलेल्या रिसीव्हरवर बहुतेक वेळा फक्त 230 व्होल्ट असतं. कॅनडात घरात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ येते. मग व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तोही रिसीव्हरच्या वॅटपेक्षा बराच मोठा, आणि तो स्वतःच काही किलोंचा असतो. शिवाय रिसीव्हरच दहाएक किलोचा. विमानातल्या 23 किलोच्या बॅगेत तो भरलास तर स्वेटर कुठे ठेवणार? साधे स्पीकर मात्र आणता येतात, त्यांना भिंतीतल्या विजेशी देणंघेणं नसतं. सबवूफरमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे त्याच्यावरही व्होल्टेज वाचल्याशिवाय हात लावू नकोस.

आता दुरुस्ती. 'टिक' करून बंद पडणं म्हणजे बहुधा आतलं संरक्षण, म्हणजे धोका जाणवला की रिसीव्हर बंद करणारी सोय, काम करतंय, आणि लाल दिवा लुकलुकत असेल तर जवळपास नक्कीच. तो कधी बंद पडतो हे नीट बघ, अर्धं निदान तिथेच होतं. चालू केल्या केल्या पडतो, आवाज वाढवल्यावर पडतो, की अर्धा तास चालून पडतो?

आधी भिंतीतली पिन काढ. मग मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी सोड आणि एकही स्पीकर न जोडता चालू कर. तरीही लगेच बंद पडला तर दोष आत आहे. त्याला मेकॅनिककडेच ने, झाकण स्वतः उघडू नकोस. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

चालू राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. इथे घाई करू नकोस. प्रत्येक वायरीचं टोक उजेडात धरून बघ. तांब्याचे केस बारीक असतात. त्यातला एखादा सुटून शेजारच्या लाल किंवा काळ्या स्क्रूला टेकला की शॉर्ट होतो. आवाज कमी असताना असं टेकलेलं कधी कधी खपून जातं, वाढवला की रिसीव्हर पडतो. टोक कापून टाक, नव्याने एक सेंटीमीटर सोल, केस घट्ट पीळ आणि परत जोड. लाल ते लाल, काळा ते काळा. उलटं जोडलं तर बंद पडत नाही, पण बास नाहीसा होतो आणि कारण लवकर सापडत नाही. एकेक स्पीकर जोडून चालू करत जा. प्रत्येक वेळी जोडण्याआधी पिन काढ. मल्टीमीटर असेल तर सुट्या स्पीकरचा रोध मोज. 8 ओमचा स्पीकर साधारण 6-7 दाखवतो. शून्याजवळ दाखवला तर तोच चोर.

अर्धा तास चालून पडत असेल तर उष्णता. काचेच्या शोकेसमध्ये, वर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर आईने घातलेला रुमाल, असं आपल्याकडे घरोघरी दिसतं. वरची जाळी मोकळी ठेव, निदान वीतभर जागा सोड. जाळीतून धूळ ओढून घे. खानापूरकडच्या पावसाळी हवेत मुंग्या आणि झुरळंही आत घर करतात, तेव्हा मेकॅनिककडे गेलास तर आतून साफ करायला सांग.

व्होल्टेजही मोज. संध्याकाळी ते 200 च्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर लाव, पण टीव्हीचा छोटा नको, रिसीव्हरचे वॅट बघून घे. आपल्याकडे वळवाच्या पावसात ढग गडगडले की पिन काढून ठेवायची सवय बाबांना लाव.

नव्या टीव्हीचा आवाज येत नाही, ते बहुतेक सेटिंगचं आहे. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) लिहिलंय तिथून रिसीव्हरच्या एआरसी पोर्टला केबल लाव. टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारी सेटिंग, चालू कर. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक म्हणतात. आवाजाचं आउटपुट रिसीव्हरवर ने. तरी नाही आला तर टीव्हीच्या आवाजाचा फॉरमॅट पीसीएम (साधा डिजिटल आवाज) करून बघ, आणि दोन्हींच्या पिना काही मिनिटं काढून परत लाव. हेडफोनची पिन पुढे खुपसलेली नाही ना, हेही बघ, त्यानेही सगळे स्पीकर गप्प होतात.

सतत घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर टीव्हीला येणारी केबलची वायर क्षणभर काढ. थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन ठिकाणी अर्थिंग जोडलं जाऊन वायरींतून वीज फिरण्याचा. हा फेरा तोडणारा आयसोलेटर केबलवाल्याकडून मिळतो. डिश असेल तर साधा आयसोलेटर चालत नाही, कारण त्याच वायरीतून छतावर वीज जाते. तिथे टीव्हीतून रिसीव्हरला ऑप्टिकल केबलने (आवाज प्रकाशाने नेणारी, वीज न वाहणारी) आवाज घे. कुणी प्लगची तिसरी पिन काढायला सांगितली तर अजिबात ऐकू नकोस.

निघण्याआधी वायरींना चिठ्ठ्या लाव: 'टीव्ही', 'डावा', 'उजवा'. तुझे बाबा कुमार गंधर्व ऐकतात म्हणालास. जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी रिमोटवरचं स्टिरिओ बटण दाखवून ठेव, सराउंडमध्ये तो आवाज पोकळ होतो. मग व्हिडिओ कॉलवर "बाबा, डावी चिठ्ठी बघा" म्हणता येईल.

तुला स्वतःसाठी इथे जुना चांगला रिसीव्हर सहज मिळेल, नवा हवा असेल तर 26 डिसेंबरच्या बॉक्सिंग डेच्या सेलपर्यंत थांब. लाकडी बांधणीच्या घरात भाड्याने राहणार असशील तर सबवूफर नकोच, खालच्या मजल्यावर सगळं ऐकू जातं. आणि इथे घेतलेला 120 व्होल्टचा रिसीव्हर सुट्टीला येताना प्रेमाने घरी आणू नकोस. निपाणीच्या 230 व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलास तर फ्यूज तरी उडेल, नाहीतर त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मरच जळेल.